ठमीला लू लागली आहे का? लवकर सांगा (ग्वाल्हेर)

लश्करवाली
घरात दोन गिनीपिग आहेत, ठमी आणि गोट्या. आणले लेकीने, बघते मी. आज दुपारी लाइट गेली ती दोन-अडीच तास आलीच नाही. वरच्या मजल्याला दगडी पाटांचं छत आहे, मे महिन्यात तिथे उभं राहवत नाही, त्यात कूलर बंद. वर गेले तर गोट्या कोपऱ्यात सुस्त, पण मान वर करून बघणारा. ठमी मात्र मागचे पाय ताणून सपाट पडलेली. हनुवटीखालचे केस लाळेने चिकटून त्यांच्या बटा झाल्यात. कान लालभडक आणि गरम. कुशी भराभर हलतेय, श्वास वरवरचा. एरवी कोथिंबिरीची जुडी सोडली की शिट्ट्या मारत पिंजरा डोक्यावर घेते. आज कोथिंबीर नाकाला लावली तरी हलली नाही. लांब केसांची आहे, अंगाने भरलेली, वजन अकराशे ग्रॅमच्या आसपास.

खाली आणून देवघरातल्या फरशीवर ठेवलंय. सासूबाई म्हणतात लूच आहे, कांदा ठेचून तळव्यांना चोळ आणि कैरीचं पन्हं चमच्याने पाज. शेजारचे म्हणतात बर्फाच्या पाण्यात बुडवा. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला अमॉक्सिसिलिनचं सिरप देतो म्हणाला. जवळचे डॉक्टर कुत्री-मांजरं बघतात, ते सहाला येणार. यातलं काय करू?

ढोरांचा डॉक्टर
ताई, मी पशुवैद्य, महूला शिकलो. हा उष्माघातच आहे. उकाड्यात गिनीपिग पाय ताणून पडतातच, पण खुडबुड झाली की उठतात. लाळ गळतेय आणि कोथिंबिरीलाही दाद नाही, म्हणजे वेळ घालवू नका.

बर्फ नको, बर्फाचं पाणीही नको. कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, आतली उष्णता आतच कोंडते, शिवाय जनावर शॉकमध्ये जातं. साधं पाणी घ्या, पण ग्वाल्हेरात या वेळी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका देणारं असतं, तेव्हा नळाखाली थेट धरू नका. माठातलं थोडं मिसळा, मनगटाला जेमतेम गार लागलं पाहिजे. कान, चारही पावलं आणि पोटाखालची बाजू भिजवा. लांब केस बोटांनी बाजूला करून पाणी कातडीपर्यंत पोचवा, नाहीतर वरचेच केस ओले होतात. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, थोड्या वेळात तोच गरम होऊन बसतो. पंखा लांबून चालू द्या. हाताला कान निवल्यासारखे लागले की भिजवणं थांबवा. या प्राण्याचं तापमान साधारण ३७.२ ते ३९.५ अंश असतं, जास्त गार केलं तर ते फार खाली घसरतं आणि तेही घातक.

तोंडात पाणी ओतू नका, फुप्फुसात जाईल. ओठांना थेंब लावा, चाटली तर ठीक.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, माणसाला चालत असेल, पण कांदा यांना विष आहे, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तळव्याला चोळलेला ती चाटणारच. पन्ह्यातला गूळ-मीठही नको. आणि ते सिरप अजिबात नको. पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोंडावाटे गेली की गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, नको ते वाढतात आणि जनावर दगावतं.

सहापर्यंत थांबू नका. डॉक्टर कुत्र्यांचे असले तरी कातडीखाली सलाइन देऊ शकतील, आता तेच हवंय. ऑटोने नेऊ नका, गरम वारा लागेल. एसीची गाडी कुणाकडे असेल तर मागा.

बिनकामाचा
उंदीर पाळायचेच कशाला म्हणतो मी.

रावपुऱ्याची सुमा
वरच्या महाशयांकडे लक्ष देऊ नका. नेताना बाटलीत पाणी गोठवून, जाड फडक्यात गुंडाळून टोपलीत एका बाजूला ठेवा, तिला नको असेल तर दूर सरकता आलं पाहिजे. आम्ही बडोद्यात घरीही असंच करतो. कूलरचं म्हणाल तर तुमच्या कोरड्या हवेत तो चालतो, आमच्याकडे जूनमध्ये हवा दमट झाली की नुसता वाफारा. तुमच्याकडेही पावसाळ्यात तेच होईल, तेव्हा कूलर आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

लश्करवाली
जाऊन आलो. दिरांची गाडी मिळाली. डॉक्टरांना फोन केला तर लवकर आले बिचारे. तिथे पोचल्यावरही ताप ४०.४ होता. कातडीखाली सलाइन दिलं, थोड्या वेळाने डोळे उघडून बसली. आता घरी आहे, बाटलीचं पाणी चाटते, पण गवताला तोंड लावत नाही आणि लेंड्याही नाहीत. रात्रभर बघत बसू का?

ढोरांचा डॉक्टर
बरं झालं नेलंत. पण खरी काळजी आताची आहे. गिनीपिगचं आतडं सतत चालतं राहावं लागतं, थांबलं की गॅस धरतो, आणि पुष्कळ जनावरं उष्म्यातून वाचून यातच जातात. नीट गिळतेय याची खात्री करून घ्या, मग पेलेट कोमट पाण्यात भिजवून पातळ लापशी करा. सुई नसलेल्या सिरिंजने ओठाच्या कडेकडून, पुढच्या दातांच्या मागे, एका वेळी थेंब थेंब. चावून गिळू द्या, घाई केली तर ठसका लागतो. दिवसभरात मिळून ५० मिलीच्या आसपास, पाच-सहा वेळा वाटून. पोट फुगून टणक लागलं तर मात्र भरवू नका, थेट डॉक्टर. सकाळपर्यंत लेंडी दिसली नाही तरी जायचंच. पुढचे दोन-तीन दिवस लघवीवरही लक्ष ठेवा, तांबडी किंवा अगदीच कमी झाली तर मूत्रपिंडाला धक्का बसलाय असं समजा.

आपल्यासारखंच यांच्याही शरीरात सी जीवनसत्त्व तयार होत नाही, आजारात गरज वाढते. खायला लागली की ढोबळी मिरची द्या.

लश्करवाली
लेंड्या झाल्या! लहान आहेत, वाकड्यातिकड्या, पण आहेत. गवताच्या दोन काड्याही ओढल्या. सासूबाई स्वतः सिरिंज धरून बसल्या होत्या. केस कातरू का? आणि पिंजरा कुठे ठेवू?

ढोरांचा डॉक्टर
खाली लोंबणारे केस कातरा, कातडीपर्यंत भादरू नका. पिंजरा तळमजल्यावर, उत्तरेच्या खोलीत, खाली फरशीचा तुकडा टाकून. १८ ते २४ अंशांत हे प्राणी खूश असतात, २७च्या वर त्रास सुरू होतो. त्यांना घाम येत नाही आणि कुत्र्यासारखं धापा टाकूनही निवता येत नाही. पंखा-कूलर इन्व्हर्टरवर घेता आला तर बघा. रोज सकाळी भरवण्याआधी वजन करून लिहून ठेवा. ५० ग्रॅमने उतरलं तर इथे विचारत बसू नका, उचला आणि डॉक्टरकडे न्या. गोट्यालाही तोलत जा, तोही त्याच खोलीत होता.