माळ्यावरच्या पिंजऱ्यात पांढऱ्या टोकाच्या शेपटीचा प्राणी. कोण असेल?

जांबोटीकर:
नमस्कार मंडळी. आमचं घर बेळगाव जिल्ह्यात जांबोटीच्या पुढं, कणकुंबी रस्त्यापासून आत. मागं फणस आणि जांभळाची दाट झाडी. आठ-दहा दिवस रात्री माळ्यावर खडखड चालली होती. उंदीर असेल म्हणून पिंजऱ्यात खोबऱ्याचा तुकडा लावला, सकाळी बघतो तर आत भलताच पाहुणा.

पाठ करडी-तपकिरी, पोट पांढरं. कान मोठे नि पातळ, डोळे टपोरे. आणि शेपूट! बुडाकडून बराच भाग काळपट, मग टोकापर्यंत पांढरीशुभ्र, चुन्यात बुडवून काढल्यासारखी. टोकाला केस जरा जास्त. शेपूट पिंजऱ्याच्या गजांतून बाहेर आली होती, तेवढ्यात टेप लावली: २१ सेंमी. धड अंदाजे १६-१७. अंगावर पट्टे नाहीत.

आई म्हणते घूस. शेजारचे काका म्हणतात हारुबेक्कूचं पिल्लू. मला आधी शेकरूचं पिल्लू वाटलं, पण शेकरू रात्री कुठं फिरतं? पिंजरा पडवीत पोतं टाकून ठेवलाय. कोण आहे हा, आणि सोडू कुठं?

टिळकवाडीचा भटक्या:
शेकरू बाद. ते दिवसा हिंडतं आणि शेपूट झुबकेदार असते. हारुबेक्कू म्हणजे उडती खार असती तर पुढच्या-मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा दिसला असता. माझं मत काटेरी डॉरमाऊस, म्हणजे झाडावर राहणारा उंदरासारखा छोटा प्राणी! त्याच्याही शेपटीचं टोक पांढरं असतं. नशीबवान आहात.

लोंढ्याचा मास्तर:
भटक्या, घाई केलास. टेप लावलेला माणूस समोर आहे, त्याचे आकडे तरी वाच. शेपूट २१, धड १७, म्हणजे शेपूट धडापेक्षा लांब. काटेरी डॉरमाऊसची शेपूट धडापेक्षा आखूड असते आणि टोकाकडं बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुलत जाते. डोळे बारीक. पाठीच्या केसांत चपटे काटे असतात. शिवाय त्याचं मुख्य घर केरळ-तमिळनाडूकडचे डोंगर. तिकडं तो मिरीचे घड खातो, ताडीच्या मडक्यात तोंड घालतो असं सांगतात. आपल्याकडं मी तरी कधी बघितलो नाही.

जांबोटीकर, तुमच्याकडचा पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर. शास्त्रीय नाव माड्रोमिस ब्लॅनफर्डी. मोठे कान, टपोरे डोळे, पांढरं पोट आणि दोन रंगांची लांब शेपूट एकत्र दिसली की मला तरी शंका राहत नाही. रात्रीचा प्राणी, झाडाच्या ढोलीत राहतो. झाडी भिंतीला टेकली असेल तर माळा म्हणजे त्याला मोठी ढोलीच की. घूस जमिनीत बिळं करते, अंगानं बोजड असते, आणि तिची शेपूट अशी दुरंगी नसते. आईंना सांगा.

गंमत म्हणजे या उंदराचं वर्णन १८८१ साली ऑल्डफिल्ड थॉमस या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञानं केलं, आणि तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतलं आपलं प्रसिद्ध रॉटनचं वटवाघूळही त्यानंच १९१३ साली जगापुढं आणलं. लंडनच्या म्युझियममध्ये बसून! एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलो, पण हे पोरांना सांगायचं राहूनच गेलं.

एक मात्र ऐका. उघड्या हातानं धरू नका. रानातल्या उंदीर-खारींच्या अंगावर गोचिडी असतात आणि माकडताप हा माणसाला होणारा विषाणूचा आजार त्या गोचिडींमुळंच पसरतो. १९५७ साली शिमोग्याकडं सापडलेला हा ताप आता दोडामार्गापर्यंत पोचलाय. पोतं उकळत्या पाण्यात टाका. उंदराला लांब नेऊ नका, अंधार पडल्यावर मागच्या झाडीतच सोडा आणि छपराला टेकलेल्या फांद्या छाटा.

टिळकवाडीचा भटक्या:
मास्तर, कान पकडले. शेपटीचं पांढरं टोक बघितलो आणि पुढचं वाचलोच नाही.

जांबोटीकर:
आभार मास्तर. काल सातच्या पुढं फणसाच्या बुंध्याशी पिंजरा उघडला. दोन मिनिटं हललाच नाही, मग सरसर वर. टॉर्चच्या उजेडात शेवटी फक्त शेपटीचं टोक दिसत होतं. फांद्या आज सकाळी छाटल्या. आई म्हणाली, "घूस झाडावर चढत नाही असं मी कधी म्हटलं?"

रात्री परत खडखड. वर जाऊन बघितलो तर वाशावरून पांढरं टोक लोंबतंय. तोच की दुसरा, देव जाणे.