मदत हवी आहे : इंक टँक प्रिंटरचे हेड बदलावे की लेझर प्रिंटर घ्यावा?

सप्रेम नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझे झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचे छोटे दुकान असून, सातबारा आणि पीक विम्याच्या पावत्या छापण्यासाठी मी चार वर्षांपासून इंक टँक प्रिंटर वापरत आहे. मे महिन्यात घरच्या लग्नामुळे दुकान वीस दिवस बंद होते. तेव्हापासून काळ्या छपाईत पांढऱ्या आडव्या रेषा येत आहेत. आमच्याकडच्या उन्हात हेडच्या (कागदावर शाई सोडणाऱ्या भागाच्या) नोझलमधली, म्हणजे बारीक छिद्रांतली, शाई वाळली असावी, असे वाटून मी हेड क्लीनिंग सात-आठ वेळा केले. परंतु प्रत्येक वेळी शाई आतल्या वेस्ट इंक पॅडमध्ये (वाया जाणारी शाई शोषणाऱ्या पॅडमध्ये) जाते हे मला उशिरा कळले, आणि आता पॅड भरल्याची सूचनाही येऊ लागली आहे.

यवतमाळच्या एका मेकॅनिकने हेडचे ३,५०० आणि पॅड बदलून तो किती भरला हे मोजणारा काउंटर रीसेट करण्याचे ७०० रुपये सांगितले आहेत. जाण्यायेण्यात दुकानाचा दिवस बुडतो, तो वेगळाच.

हेड काढून क्लीनिंग लिक्विडमध्ये रात्रभर ठेवल्यास ते मोकळे होते का, हे कोणी स्वतः करून पाहिले असल्यास कृपया सांगावे. टोनर ही कोरडी पावडर असल्याने लेझरमध्ये वाळण्याचा प्रश्न नाही, हे मान्य; मात्र लेझरचा फ्यूझर (उष्णतेने टोनर कागदावर चिकटवणारा भाग) तापताना बरीच वीज ओढतो, आणि भारनियमनात माझे दुकान घरगुती इन्व्हर्टरवर चालते. अशा जोडणीवर कोणी लेझर चालवत आहे का? टोनर रिफिल आणि ड्रमचा (टोनर कागदावर उतरवणाऱ्या भागाचा) खर्च किती येतो, हेही कळवावे.