मदत हवी आहे: डायलिसिसवरच्या वडिलांना अँटिबायोटिकमुळे भ्रम झाला होता, पुढच्या वेळी काय सांभाळायचं?

नमस्कार. आमचे आण्णा ७१ वर्षांचे, अडीच वर्षं आठवड्याला ३ डायलिसिस. सगळी हयात कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी म्हणून गेली. शेतकऱ्यांचे हिशेब तोंडपाठ.

गेल्या महिन्यात न्यूमोनिया झाला म्हणून इथंच ॲडमिट केलं. सेफेपिम हे अँटिबायोटिक सुरू झालं, ताप उतरला. चौथ्या दिवशी चहा घेताना हात असा झटकला की कपबशी अंगावर. संध्याकाळी नुसतं टक लावून बघायला लागले. घड्याळ दाखवलं, म्हणाले "रवा". पेन दाखवलं, "रवा". आईकडे बघूनही "रवा". गुळाच्या ढेपेला आमच्याकडे रवा म्हणतात, तेवढाच शब्द उरला होता.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी वय, रक्तात वाढलेला युरिया अशी कारणं सांगितली. आई मात्र ऐकेना, "युरिया वाढला की हे झोपत्यात, असं बडबडत न्हाईत." तिचंच बरोबर निघालं. दुसऱ्या दिवशी न्यूरॉलॉजिस्टनी ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) काढला. बाहेरून फिट दिसत नव्हती, पण मेंदूत चालूच होती. कारण निघालं सेफेपिम. हे औषध बहुतेक सगळं किडनीवाटे जातं. किडनी चांगली असेल तर २ तासांत निम्मं होतं, डायलिसिसच्या पेशंटला १३-१४ तास लागतात. साठलं की मेंदूला शांत ठेवणाऱ्या 'गाबा'चं काम अडवतं. फाइल बघितली तर १ ग्रॅम दिवसातून दोनदा! डायलिसिसवर साधारण पहिल्या दिवशी १ ग्रॅम, मग रोज ५०० मिलिग्रॅम, तेही डायलिसिसच्या दिवशी डायलिसिस झाल्यावर. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) २०१२ मध्येच याबद्दल सावध केलंय. इतकं असून कुणाच्या लक्षात येऊ नये, याचा फार त्रास होतो.

औषध बंद करून जादा डायलिसिस केलं. तिसऱ्या दिवशी आण्णांनी आईला "अगं" म्हणून हाक मारली, तेव्हा आम्ही सगळेच रडलो.

आता घरी आहेत, पण मधेच शब्द अडतो. कुणाच्या घरी असं झालं असेल तर बोलणं पूर्ववत व्हायला किती दिवस लागले? डोस बरोबर असला तरी हे होऊ शकतं असं न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, मग पुढच्या इन्फेक्शनला डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं? फाइलच्या पहिल्या पानावर या औषधाबद्दल लाल शाईनं लिहून ठेवलंय, तेवढं पुरेल का? आणि कोल्हापुरात किंवा मिरजेत रात्री-अपरात्री ईईजी कुठं होतो, तेही सांगा. आमची ती एक रात्र वाया गेली.