मदत हवी आहे: दुसऱ्या फेरीत टाइट एंड घ्यावा का?

न्यूजर्सीकर: २०२५च्या हंगामासाठी आमच्या ऑफिसातील अमेरिकन फुटबॉलच्या फँटसी लीगचा (खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ करून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याच्या खेळाचा) ड्राफ्ट, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, आज रात्री आठ वाजता आहे. यंदा टाइट एंडचा (अडवणे आणि झेल घेणे ही दोन्ही कामे करणाऱ्या खेळाडूचा) भाव वाढला आहे, असे ऐकतो. दुसऱ्या फेरीत टाइट एंड ब्रॉक बॉवर्सला उचलावे की नेहमीप्रमाणे वाइड रिसीव्हर (मुख्यतः झेल घेणारा खेळाडू) घ्यावा, यावर माझे घोडे अडले आहे. गेल्या वर्षी त्याने पदार्पणातच ११२ झेल आणि ११९४ यार्ड काढले. कृपया ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगावे.

गुणकोष्टक: तसे सांगता येणार नाही, कारण आपल्या लीगमध्ये झेलाला गुण किती, हे आपण लिहिलेलेच नाही. २०२४मध्ये बॉवर्सचे टचडाउन (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू नेणे) पाचच होते, तर दुसरा टाइट एंड जॉर्ज किटल याने ७८ झेलांत ११०६ यार्ड आणि आठ टचडाउन केले. झेलाला गुण नसेल, म्हणजे फक्त यार्ड आणि टचडाउनच मोजले, तर किटल सुमारे नऊ गुणांनी पुढे राहतो. एक गुण असेल तर बॉवर्स जवळजवळ पंचवीस गुणांनी पुढे जातो. आणि टाइट एंडच्या झेलाला दीड गुण देणाऱ्या लीगमध्ये हेच अंतर ४२च्या घरात पोहोचते. संघ किती आहेत आणि आपला क्रम कितवा, हेही कळवावे.

शेवटचीफेरी: एवढ्या आकडेमोडीची गरज नाही. २०२३मध्ये तेव्हाचा नवखा टाइट एंड सॅम लापोर्टा मला अगदी शेवटी मिळाला आणि त्याने ८६ झेल व दहा टचडाउन केले. यंदा कोल्ट्स संघाचा नवखा टायलर वॉरन तसाच हाती लागेल.

गुणकोष्टक: प्रत्येक नवखा लापोर्टा निघत नाही. टाइट एंड काइल पिट्सने २०२१मध्ये पदार्पणातच १०२६ यार्ड काढले, परंतु टचडाउन एकच केला.

चीफ्सभक्त: चीफ्स संघाचा टाइट एंड ट्रॅव्हिस केल्सी याला कोणी विचारातच घेत नाही, याचे नवल वाटते. २०२२मध्ये त्याने १३३८ यार्ड आणि बारा टचडाउन केले होते.

शेवटचीफेरी: आणि २०२४मध्ये तीनच टचडाउन, हेही लिहावे.

पुणेरी_गोलकीपर: फेऱ्यांचे मला कळले नाही, परंतु बचावपटूंवर फार पैसे घालवू नयेत आणि सलाहला कर्णधार करावे, असे माझे अनेक वर्षांचे मत आहे.

गुणकोष्टक: महोदय, हा धागा अमेरिकन फुटबॉलचा आहे.

न्यूजर्सीकर: झेलाला अर्धा गुण, बारा संघ, माझा क्रम अकरावा, बहुतेक ठिकाणी असेच असते ना? सहा वाजून गेले आहेत.

गुणकोष्टक: सगळीकडे तसे नसते. अर्ध्या गुणाच्या हिशेबाने गेल्या हंगामात बॉवर्स आणि किटल यांच्यात आठ गुणांचेही अंतर नव्हते, तेही किटल दोन सामने खेळला नसताना. फेरीगणिक निवडीचा क्रम उलटत असेल तर आपल्याला अकरावी आणि चौदावी निवड मिळेल व त्यानंतर थेट पस्तिसावी. त्यामुळे चौदाव्या निवडीला रिसीव्हर घ्यावा आणि पस्तिसाव्या वेळी किटल किंवा दुसरा टाइट एंड ट्रे मॅकब्राइड उरला असेल तर त्याला उचलावे. टाइट एंडचा भाव वाढला आहे हे खरे, पण तो सरसकट वाढलेला नाही. वरचे तीन-चार जण आणि बाकीचे यांच्यातील दरीला तो भाव आहे.

शेवटचीफेरी: किटल एकतीस वर्षांचा आहे, याचा विसर पडू नये.

न्यूजर्सीकर: आमच्याकडे फ्लेक्सच्या जागा (जिथे रनिंग बॅक, रिसीव्हर किंवा टाइट एंड यांपैकी कोणीही चालतो) दोन आहेत. तिथे दुसरा टाइट एंड बसवावा का, तेवढे आठच्या आत सांगावे.