अनुभव धागा: मॅरेथॉन दारावरून जाते तेव्हा

धावणाऱ्यांचे अनुभव भरपूर वाचायला मिळतात. कितव्या किलोमीटरला पाय बोलू लागले, बूट कुठले होते, पदक गळ्यात पडल्यावर काय वाटलं. या धाग्यावर रस्त्याच्या कडेच्या लोकांनी लिहावं. ज्यांच्या दारावरून मार्ग जातो, ज्यांना त्याच सकाळी कामावर पोचायचं असतं, जे टाळ्या वाजवत उभे राहतात, जे बॅरिकेडपाशी लोकांची बोलणी खातात. कौतुक चालेल, वैतागही चालेल. फक्त 'आपल्या लोकांना शिस्तच नाही' आणि 'एक दिवस सहन करा की' ही दोन वाक्यं नकोत, ती सगळ्यांची तोंडपाठ आहेत.

सुरुवात मीच करते. आमची इमारत साधारण पस्तिसाव्या किलोमीटरपाशी आहे, मैत्रीण पाचव्याजवळ राहते. तिच्याकडचा रस्ता लवकर मोकळा होतो आणि आमच्याकडे ऊन डोक्यावर आलं तरी बॅरिकेड हलत नाहीत. यात कोणाचा पक्षपात नाही, साधा हिशोब आहे. एक जण किलोमीटरला ४ मिनिटं घेतो, दुसरा ८. पाचव्या किलोमीटरला दोघांत २० मिनिटांचं अंतर पडतं, पस्तिसाव्याला तेच २ तास २० मिनिटांचं होतं. त्यात सुरुवातीला सगळ्यांना एकदम न सोडता तुकड्या करून सोडतात, तो वेळ वेगळाच. म्हणजे शर्यत जसजशी पुढे जाते तसतशी ती लांबत जाते आणि शेवटच्या टप्प्यातले रहिवासी सगळ्यात जास्त वेळ अडकतात. सूचनापत्रक मात्र सगळ्यांना एकच येतं.

रात्रपाळी
माझी पाळी पहाटे संपते. त्या दिवशी बस मध्येच थांबली, वाहक म्हणाला, "पुढे जात नाही, उतरा." चालत आलो. घर रस्त्यापलीकडे. गॅलरीत वाळत टाकलेला माझा टॉवेल दिसतोय आणि मी अलीकडे उभा. हवालदाराला विचारलं, "रस्ता कधी उघडेल?" म्हणाला, "शेवटचा गेला की." "शेवटचा कधी जाईल?" "ते मला कोण सांगतंय साहेब?" त्याचंही खोटं नव्हतं. धावणाऱ्यांवर माझा राग नाही. पण बारा तास उभं राहून काम केलेल्या माणसाला नुसतं 'थांबा' म्हणू नये, कुठवर ते सांगावं.

दोरवाला
मी दरवर्षी स्वयंसेवक असतो, माझ्याकडे ओलांडण्याची जागा असते. 'रात्रपाळी' यांना अडवलं तिथे बहुधा अशी सोयच नव्हती. रस्ता रुंद असेल तर धावपटूंना न थांबवता माणसं पलीकडे नेता येतात. रस्त्याच्या मधोमध एक पट्टा आखून घ्यायचा. दोर धरून धावपटूंना आधी डाव्या अंगाने काढायचं, म्हणजे उजवी बाजू मोकळी होते आणि तिकडची माणसं मधल्या पट्ट्यात येऊन थांबतात. मग दोर हळूहळू फिरवून धावपटूंना उजवीकडे वळवायचं, डावी बाजू रिकामी झाली की मधली माणसं पलीकडे. दोर कमरेच्या उंचीला धरायचा आणि ताणलेला ठेवायचा. सैल पडून घोट्याशी आला की कोणीतरी तोंडावर पडलंच. आणि दोर फिरवणारा अनुभवी हवा, कारण दमलेला धावपटू समोर बघत नसतो, पुढच्याच्या पाठीकडे बघत असतो. एवढं शिकवायला अर्धा तास पुरतो, पण बऱ्याच ठिकाणी आम्हाला टी-शर्ट देतात, टोपी देतात आणि चौकात उभं करतात.

गाडीवर असतो (रुग्णवाहिका)
शर्यतीसाठी राखीव रुग्णवाहिका असतात, त्यांचं काम सोपं. अडचण आमची, बाकीच्या शहरासाठी असलेल्यांची. हृदयविकाराचा झटका काही मार्गाचा नकाशा बघून येत नाही. २०१७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या मॅरेथॉनवरचा अभ्यास आला होता. हृदयविकाराचा झटका आलेले किंवा हृदय बंद पडलेले वयस्क रुग्ण त्यांनी पाहिले. मॅरेथॉनच्या दिवशी दाखल झालेल्यांपैकी ३० दिवसांत २८.२ टक्के दगावले, इतर दिवशी दाखल झालेल्यांपैकी २४.९ टक्के. रुग्णवाहिकेला सकाळच्या वेळी सरासरी ४.४ मिनिटं जास्त लागत होती, संध्याकाळी तसा उशीर दिसला नाही. चार मिनिटं ऐकायला काहीच नाहीत. मागे माणूस झोपलेला असताना बंद चौकातून गाडी उलटी फिरवून बघा. आणि अडकणाऱ्यांत स्वतःच्या गाडीने दवाखान्यात निघालेलेही असतात, त्यांना तर सायरनही नसतो.

पाचवा मजला
वडील अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांची अंघोळ, कूस बदलणं सगळं रोज येणाऱ्या ताईंच्या हातात. त्या बॅरिकेडपलीकडे अडकल्या, ओळखपत्र नाही म्हणून. आयोजकांच्या मदत क्रमांकावर फोन लावला तर शर्यतीच्या बिबचा (धावपटूच्या छातीवर लावलेल्या कागदाचा) नंबर विचारला! अहो, मी धावत नाहीये, मी फक्त राहते इथे.

ढोलवाली
एवढं वाचून वाटेल की कडेला सगळे रडतच असतात. मी दरवर्षी मुद्दाम जाते, मला मनापासून आवडतं. बिबवर नाव असतं ते वाचायचं आणि त्याच नावाने हाक मारायची. अनोळखी माणूस मान वर करून हसतो आणि दहा पावलं का होईना, नीट धावतो. 'थोडंच राहिलं' हे मात्र चाळिसाव्या किलोमीटरच्या आत कोणी म्हणू नये. तिसाव्याला म्हटलंत तर ते शिवी दिल्यासारखं लागतं.

घरच्यांना बघायला जाणाऱ्यांनो, अॅपवर फार विसंबू नका. धावपटूच्या अंगावरच्या, वेळ मोजणाऱ्या चिपची नोंद रस्त्यावर ठरावीक ठिकाणी टाकलेल्या पट्ट्यांवरच होते, मधला प्रवास अॅप अंदाजाने दाखवतं. तुमचा माणूस चालायला लागला असेल तरी अॅपमध्ये धावतच असतो. आदल्या दिवशीच ठरवा की तुम्ही रस्त्याच्या कुठल्या बाजूला उभे राहणार. आणि मोठी पिशवी नेऊ नका. १५ एप्रिल २०१३ ला बॉस्टनमध्ये अंतिम रेषेजवळ स्फोट झाले, तीन माणसं गेली, तिघंही बघायला आलेली. तेव्हापासून मोठ्या शर्यतींत पिशव्यांची तपासणी कडक झाली. ती कटकट नाही वाटत मला.

औषधाचं दुकान
स्प्रे, पट्ट्या, व्हॅसलिन जोरात. नेहमीचं गिऱ्हाईक शून्य. हिशोब बरोबरीत सुटतो.

झाडू
आम्ही शेवटच्या धावपटूमागे असते त्या गाडीच्या मागून चालतो. पाण्याच्या टेबलाच्या पुढे नुसते पेले, पण पेल्यांचं काही नाही, ते गोळा होतात. त्रास त्या गोड पेयाचा. सांडून रस्ता असा चिकट होतो की चप्पल उचलताना चट्‌ चट्‌ आवाज येतो, आणि वर पेले चिकटून बसतात ते खरवडून काढावे लागतात. पाणी मारल्याशिवाय रस्ता उघडू नये, दुचाकी घसरते. पण तोवर मागे गाड्यांचे हॉर्न सुरू झालेले असतात आणि सगळे आमच्याकडेच बघतात.

धावतेही, राहतेही
दोन्ही बाजूंनी आहे, म्हणून लिहिते. रस्ता वर्षभर गाड्यांसाठी असतो, एक सकाळ पायांना मिळाली तर माझी तक्रार नाही. माझा मुलगा त्या दिवशी बंद रस्त्यावर सायकल शिकला. पण शर्यत शहराच्या जोरावर चालते हे आम्ही धावणारे सोयीने विसरतो. २०१२ ला न्यू यॉर्कमध्ये सॅंडी वादळ २९ ऑक्टोबरला येऊन गेलं आणि शर्यत ४ नोव्हेंबरला होती. आधी ती होणारच असं जाहीर झालं. सुरुवात स्टेटन आयलंडवरून, आणि तिथलेच लोक घरंदारं गमावून बसलेले. शर्यतीसाठी जनरेटर आणलेले बघून लोक इतके संतापले की दोन दिवस आधी ती रद्द करावी लागली. खूप धावपटू तेव्हा हळहळले. मला तो निर्णय बरोबरच वाटतो, उशिरा घेतला एवढंच.

मार्ग समितीत होतो
वर उघडण्याच्या वेळेवरून बोलणं झालंय म्हणून सांगतो. शेवटच्या धावपटूचा कमीत कमी वेग ठरलेला असतो, त्याच्या मागे गाडी असते, मागे पडलेल्यांना पदपथावर किंवा बसमध्ये घेतात. त्यामुळे कुठला तुकडा किती वाजता उघडणार याचा तक्ता तयार असतो. तो पत्रकात छापत नाहीत, कारण दहा मिनिटं इकडेतिकडे झाली की लोक भांडायला येतात.

धागाकर्ती
येऊ देत की. छापा तो तक्ता.

रात्रपाळी
आणि एक प्रत त्या हवालदारांनाही द्या.