मदत हवी आहे: नवरा काहीही करो, माझ्या मनात वाईटच अर्थ लागतो

नमस्कार मंडळी, लग्नाला पाच-सहा वर्षं झालीत, कोथरूडला राहतो, नवरा हिंजवडीला आयटीत आणि मी घरून काम करते. मोठी भांडणं नाहीत, सासरचा जाच नाही, त्यामुळे कोणाला सांगायला जावं तर "अगं मग प्रॉब्लेम काय आहे" हेच ऐकावं लागतं.

प्रॉब्लेम असा की मी दिवसभर आमच्या दोघांबद्दल विचार करत असते आणि तो अजिबात करत नाही. मध्ये मला ताप होता, तो येताना गोळ्या नि मोसंबी घेऊन आला, कुकरला मऊ भात लावला, वर तूप-मेतकूट घालून ताटली हातात आणून दिली, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं तर सासूबाईंनी फोन करून सांगितलं असणार. तोच चांदणी चौकात अडकून साडेनऊला आला की मात्र वाटतं याला घरी यायचंच नसतं. म्हणजे चांगलं केलं तर दुसऱ्या कुणामुळे, आणि चुकलं की स्वभावच तसा! विचारलं तर म्हणतो "सगळं ठीक तर आहे, तू उगाच डोक्यात घेतेस", आणि मग मी आणखीनच एकटी पडते.

फिंचम आणि ब्रॅडबरी या मानसशास्त्रज्ञांचं काम वाचलं, नाखूश जोडप्यांत हे असंच चालतं म्हणे, आणि असे अर्थ लावत राहिलं की पुढे समाधान आणखी घटतं. मग २०१३ चा एली फिंकेल यांचा प्रयोग सापडला. १२० जोडपी, त्यातल्या निम्म्यांनी प्रयोगाच्या दुसऱ्या वर्षी दर चार महिन्यांनी फक्त ७ मिनिटं लिहायचं, की दोघांचंही भलं चिंतणारा तिसरा माणूस आपलं भांडण कसं बघेल. त्यांची भांडणं कमी झाली नाहीत पण त्रास कमी झाला, आणि समाधानाची घसरण थांबली. मला हे मनापासून करून बघायचंय, पण त्यात नवरा-बायको दोघंही लिहीत होते, आणि हा तर लिहायला बसणारच नाही.

तर एकटीने लिहून कोणाला फरक पडलाय का? आणि कोथरूड-कर्वेनगर भागात मराठीत बोलणारे, आधी एकटीला भेटणारे समुपदेशक माहीत असतील तर प्लीज व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, संध्याकाळी सातनंतरची वेळ मिळाली तर फार बरं होईल.