गेलेला मुलगा परत येतो पण काहीच करत नाही, भीती कशी आणू?

सांजवारा:
कथा लिहितेय, अडकलेय. मुलगा वारलाय, वर्षभराने एका संध्याकाळी तो परत येतो आणि बास, येऊन बसतो. रक्त नाही, किंकाळ्या नाहीत, सूड तर नाहीच. आईपण ओरडत नाही, आत घेते त्याला. ज्यांना वाचायला दिली ते म्हणतात वाईट वाटलं, भीती नाही वाटली. मग दोनतीन भुताटकीचे प्रसंग घातले तर सगळंच फिल्मी झालं, उडवले. काय करू?

रिकामी_खुर्ची:
उडवलेत ते बरं केलंत. मला विचाराल तर भीती तो आल्याची नाहीच, त्याच्याशिवाय राहायची सवय झाली ह्याची आहे. वर्षभरात त्याचे कपडे कुणाकुणाला देऊन झाले असतील, फोनमधून नंबर काढला असेल, त्याच्या खोलीत आता धाकटी झोपत असेल. तो काही विचारणार नाही, नुसता खोलीच्या दाराकडे जाईल आणि आई पटकन मधे येऊन उभी राहील. का आली ते तिलाही कळणार नाही. मला तरी तिथेच घाम फुटेल.

जुनाट:
इंग्रज लेखक जेकब्सची १९०२ ची माकडाच्या पंजाची गोष्ट वाचली असेलच, पंजा तीन इच्छा पुरवतो आणि आईच्या हट्टाने गेलेल्या मुलाला परत मागतात ती. त्यात मुलगा दिसतच नाही, फक्त दार वाजतं. पण खरी गोम अशी की मुलगा मशीनमधे सापडून गेलेला, त्याचं प्रेत बापाने पाहिलंय, आईने नाही. म्हणून ती कडी काढायला धावते आणि बाप शेवटची इच्छा मागून मुलाला परत पाठवतो. तुमच्या कथेत शेवटचं कुणी पाहिलं होतं त्याला? ते आधी ठरवा.

सांजवारा:
अरे हो, हे डोक्यातच नव्हतं आलं. आईने नाही पाहिलेलं. पण माझ्याकडे तो आत येतो ना, दाराबाहेर नाही ठेवता येणार.

पाऊलवाट:
जरा वेगळं. १९७१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे डॉ. रीस यांचा एक अभ्यास आला होता, वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांशी ते बोलले तर जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार आसपास असल्यासारखं वाटलेलं, काहींना दिसलेला, काहींना आवाज आलेला. बहुतेकांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि घाबरायचं सोडा, बऱ्याच जणांना त्याने आधारच वाटायचा. त्यामुळे आईला घाबरवू नका हो, तिला बरं वाटू दे, घाबरायचं काम वाचणाऱ्याचं.
(स्वतःचं सांगते, बाबा गेल्यावर कितीतरी महिने रोज रात्री कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज यायचा मला, कुणाला बोलले नाही. मग एक दिवस लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत आलाच नाहीये, नक्की कधी थांबला तेही आठवेना. त्या रात्री दिवा चालू ठेवून झोपले.)

जुनाट:
कंसातलं कथेपेक्षा भारी आहे. सॉरी सांजवारा 🙂

सांजवारा:
नाही नाही, बरोबर आहे तुझं. पाऊलवाट, थँक्यू, खरंच.
आत्ता बसून शेवट परत लिहिला. तो सगळं बोलतो, लहानपणचं, शाळेतलं, तिला खूप बरं वाटतं. हळूहळू तिच्या लक्षात येतं की तिला माहीत नाही असं एकही वाक्य तो बोललेला नाही. मग ती विचारते, त्या रात्री रस्त्यावर नक्की काय झालं रे? तो बराच वेळ तिच्याकडे बघत बसतो आणि म्हणतो, तूच सांग ना आई.